करंजटोल्याचा भात

रागावून प्रवासाला निघू नये, असं माझी बायको म्हणते. मी निघालो तेव्हा मुळीच रागावलेलो नव्हतो. पिशवीत तिनं बांधून दिलेला चिवडा होता आणि आपण काही मोठं काम करायला चाललो आहोत असा गोड गैरसमज डोक्यात होता. राग मला वाटेत भेटला, माझ्याबरोबर चंद्रपूरला आला आणि अजून घरीच मुक्काम ठोकून आहे. तेव्हा ज्यांना सागाची वनं, नद्यांचे संगम आणि रानातले सूर्यास्त वाचायचे असतील त्यांनी आधीच दुसरीकडं वळावं. सूर्यास्त मी पाहिले, नाही असं नाही. पण माझं लक्ष नव्हतं.

करंजटोला हे सावली गावाच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला असलेलं धानाचं गाव. तिथल्या शाळेच्या स्काउट पथकात मी लहानपणी होतो. पथकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्यापैकी जे चंद्रपुरात नोकरीधंद्याला लागले त्यांनी रौप्यमहोत्सव समिती काढली. अध्यक्ष वसंतराव. हे माझ्या आधीच्या, अगदी पहिल्या तुकडीतले. आता नावाजलेले वकील. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळं स्मरणिकेत पथकाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"तुम्हाला फार त्रास नाही," वसंतराव बैठकीत म्हणाले. "मुख्य मुद्दे माझ्याकडं तयार आहेत. संस्थापक आमचे वडील. तुम्ही फक्त गावोगाव फिरून चार आठवणी आणा, जुने फोटो आणा आणि भाषा लावा."

भाषा लावा! दाराला रंग लावावा तशी. पण तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो होता. गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. त्यांच्या नदीकाठच्या आमराईत आमची शिबिरं भरत, हे मला आठवत होतं. तेच संस्थापक असतील, असं मी धरून चाललो.

करंजटोला

धान कापून झालं होतं. धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं आणि खळ्यांवर चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती. चंद्रपूरच्या कोळशाच्या धुरातून आलेल्या माणसाला हे पाहून हलकं वाटतं. मलाही वाटलं, शाळेच्या फाटकापर्यंत.

फाटकाच्या आत हेडमास्तरांनी वांग्यांचा वाफा केला होता आणि वाफ्याला कुंपण केलं होतं आमच्या काठ्यांचं. स्काउटची काठी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. ती ज्याची त्याची असते. उंचीच्या खुणा तिच्यावर कोरलेल्या असतात, तिच्यावर नदीचं पाणी मोजतात, दोन काठ्या आणि एक चादर घेऊन जखमी माणूस वाहून नेतात. त्या काठ्या निम्म्या जमिनीत गाडलेल्या, तारेनं आवळलेल्या आणि वर वाळायला घातलेला कुणाचा तरी टॉवेल.

"पडूनच होत्या हो," हेडमास्तर म्हणाले. नवे होते, मूळचे अमरावतीकडचे. "बकऱ्या फार येतात."

"आणि झेंडे? फोटो?"

झेंड्यांना वाळवी लागली होती. फोटोंच्या फ्रेमा चांगल्या होत्या, त्यामुळं त्यात आता पुढाऱ्यांचे फोटो होते. आमचे फोटो काढून टाकले का, असं विचारलं तर म्हणाले की मागं असतील, नवे त्यांच्यावरच बसवलेत. मी एक फ्रेम उतरवून खिळे उपसायला लागलो तेव्हा ते घाबरले. मागं पुठ्ठा निघाला, फोटो नव्हता. मी ती फ्रेम उलटी टांगून बाहेर पडलो. शिक्षकाला हे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे.

दुपारी नामदेवभाऊंच्या घरी गेलो. नामदेवभाऊ पहिल्या तुकडीतले, वाघ संघाचे संघनायक. आता स्वतःची शेती करतात. आमच्या पथकात चार संघ असत, वाघ, अस्वल, गवा आणि मोर. प्रत्येकाला वाटे आपलाच संघ शूर. मी मोर होतो, त्यामुळं नामदेवभाऊंनी मला आल्याआल्या चिडवून घेतलं.

"या मोर! पिसं कुठी गेले?"

"गळाले भाऊ."

"टक्कल दिसूनच राह्यली," ते म्हणाले.

जेवायला लाखोळीचं वरण, पोपटीच्या शेंगा घालून केलेली वांग्याची भाजी आणि चिन्नोरचा भात. त्या भाताचा वास अंगणापर्यंत येतो. मी घास घेत म्हणालो, "असा भात शिबिरात कधी मिळाला नाही हो. आपल्याला कुणालाच शिजवता येत नव्हतं."

नामदेवभाऊंचा हात थांबला. "शिजवता येत नोहोतं? कोन म्हनते?"

शिबिरातला भात हा आमच्या पथकाचा ठरलेला विनोद होता. पहिल्या दिवशी प्रत्येकानं घरून आणलेले तांदूळ एका चादरीवर ओतायचे आणि संघनायकानं कोपरापर्यंत हात घालून ते कालवायचे. याला आम्ही काला म्हणत असू. मग त्या ढिगातून चारी संघांनी आपापल्या भांड्यात घ्यायचे. आता झाडीपट्टीत घराघरात तांदूळ वेगळा. कुणाचा चिन्नोर, कुणाचा लुचई, कुणाचा उकडा, कुणाचा जुना, कुणाचा यंदाचा. प्रत्येकाला पाणी वेगळं लागतं आणि आच वेगळी. एका भांड्यात घातले की निम्म्याची लापशी होते आणि निम्मे दाताखाली कचकचतात. दरवर्षी तसंच व्हायचं आणि दरवर्षी आम्ही पोट धरून हसत ते खायचो. धान पिकवणाऱ्या घरातली पोरं असून इतकी साधी गोष्ट कशी कळली नाही, असं मला मोठेपणी वाटत असे.

"आमाले मालूम नोहोतं का?" नामदेवभाऊ म्हणाले. "माही माय म्हने, तांदळाचा नास करून राह्यले तुमी. पन गुरुजीनं सांगतलं होतं. भात बिघडला तरी चालते, काला झालाच पायजे."

"कोणते गुरुजी?"

"रामटेके गुरुजी. ज्याईनं पथक काढलं ते."

मी त्यांना वसंतरावांचे मुद्दे सांगितले, संस्थापक मालगुजार वगैरे. नामदेवभाऊंनी ताटात पाणी ओतलं, हात धुतला आणि बायकोकडं पाहून हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"बुवा, तुमी आरमोरीले जा. गुरुजी तिथी लेकीकडं रायतेत. माह्या तोंडून काऊन आयकता? त्याईलेच विचारा."

आरमोरी

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. नदी ओलांडली की पाट्यांवरचा रंगही अजून ओला वाटत होता. आरमोरीत बाजाराचा दिवस होता. भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं, चौकाचौकात नाटकाच्याच गप्पा. या दिवसांत झाडीपट्टीत दुसरा विषय नसतो.

रामटेके गुरुजींचं घर सहज सापडलं. अंगणात बाजेवर बसले होते. ताठ. मी नमस्काराला वाकणार, तो त्यांनी डावा हात पुढं केला. स्काउट डाव्या हातानं हात मिळवतात. कित्येक वर्षांत माझ्यापुढं कुणी डावा हात केला नव्हता. माझा उजवाच पुढं गेला आणि मग मी गडबडीनं बदलला.

"कोनता संघ?" त्यांनी विचारलं.

"मोर."

"हं." त्यांना मोर फारसे पसंत नसावेत.

त्यांची लेक बाहेर आली. नर्स आहे. चहा झाला, ओळख झाली, मी कशाला आलो ते सांगितलं. मग ती म्हणाली, "भाऊ, स्वयंपाक झाला आहे. आमच्या इथी जेवाले चालते ना?"

इतकं साधं विचारलं तिनं. जसं एखादा विचारतो, तिखट चालतं ना? माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. तिच्यावर नव्हे, ज्यानं हा प्रश्न या सुशिक्षित बाईच्या तोंडी इतका सवयीचा करून ठेवला त्या माझ्या मुलखावर मला संताप आला. "ताई, वाढा," एवढंच मी म्हणालो. ती आत गेली. गुरुजी माझ्याकडं बघत होते.

"चिडले का?"

"हो."

"चिडा. चांगलं आहे. मीबी चिडतो."

मग त्यांनी सांगितलं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षात करंजटोल्याला शिक्षक म्हणून आले. पोरांना घेऊन पथक काढलं. पोरांच्या गणवेशाचं खाकी कापड सावलीच्या बाजारातून स्वतः आणलं. शाळेत सगळी पोरं होती, कुणब्यांची, तेल्यांची, मालगुजारांची, नवबौद्धांची. कवायतीला काही अडचण आली नाही. अडचण आली पहिल्या शिबिराला, कारण शिबिरात प्रत्येक संघ आपलं जेवण आपण शिजवतो.

"चार-पाच बाप आले शाळेत. म्हनाले, गुरुजी, तुमचे पोट्टे सारे मोर संघात टाका. मोराईची चूल नदीच्या खालच्या अंगाले लावा. बाकी तुमचं काम चांगलं आहे." त्यांनी त्या बापांसारखी मान डोलावली. "काम चांगलं आहे म्हने!"

मोर संघ. माझा संघ. माझ्या तोंडाची चव गेली.

"मंग म्या काय केलं, चारी संघात सारे पोट्टे मिसळले. तर म्हनाले, आपले तांदूळ आपन वेगळे शिजवू. म्हनून म्या चादर आंथरली. म्हनलं, टाका सारे. माह्या घरचे तांदूळ म्याच पयले टाकले, मंग त्यावर साऱ्याईचे. आता निवडा म्हनलं, कोनते कोनाचे ते."

म्हणजे तो भात चुकून बिघडत नव्हता. कुणाचा तांदूळ कुणाचा हे कळू नये, एवढ्याचसाठी तो बिघडवलेला होता. आणि मी इतकी वर्षं तो विनोद म्हणून सांगत आलो होतो!

"जेवले का सगळे?" मी विचारलं.

"पत्रावळी मांडल्या. वाढलं. तेवढ्यात मालगुजाराची बैलाची दमणी आली आमराईत. आमराई त्याईचीच होती. उतरले आन वसंताचा दंड धरून त्याले उठवलं. घास हातात होता त्या पोट्ट्याच्या. रडत होता. त्याले जेवाचं होतं, भुकेला होता. मंग दुसरे बाप आले. एकेक पोट्टा उठला. थोडेसे रायले. नामदेव रायला. ते जेवले. कच्चा भात, पन जेवले."

पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. भामरागडला. नामदेवभाऊ आणि राहिलेल्या पोरांनी काला मात्र सोडला नाही. उठून गेलेलीही हळूहळू परत आली आणि पाच-सहा वर्षांनी आमच्यासारख्यांच्या हाती तो नुसता रिवाज म्हणून आला.

जेवताना मी जरा अवघडून म्हणालो, "गुरुजी, स्मरणिकेत तुमचं नाव यायला हवं. तुम्हाला चालेल ना?"

थोर माणसं अशा वेळी, नको, नावात काय आहे, असं म्हणतात. गुरुजी तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं बाजेवर थाप मारली.

"चालन म्हंजे? मोठ्या अक्षरात टाका! पथक म्या काढलं. मालगुजारानं आमराई देल्ली होती, तेबी लिहा, खोटं कायले बोला. आन समता, बंधुभाव असं काईबाई लिहू नका. कोन उठलं ते लिहा. बापाईचे नाव लिहा. सारे एकत्र जेवत होते असं लिहान त ते लबाडी आहे."

"वसंतरावांचं?"

"त्या पोट्ट्याचं नका लिहू. त्याचा काय दोष? बापानं दंड धरला त लेकरू काय करन? म्या त्याले कधी दोष नाई देल्ला." मग म्हणाले, "अध्यक्ष झाला ना तो आता? त्याले सांगा, मी जित्ता आहो."

भामरागड

खरं म्हणजे मला पुढं जायचं कारण नव्हतं. पण गुरुजींनी भामरागडलाही पथक काढलं होतं आणि त्यातला चैतू नावाचा माडिया गडी तिथं अजून आहे, असं कळलं. समितीच्या कागदावर भामरागडचं नावच नव्हतं. मला ते मुद्दाम बघायचं होतं.

आलापल्लीहून लाकडं आणायला निघालेल्या एका ट्रकमध्ये जागा मिळाली. एका कोरड्या नाल्याच्या रेतीत ट्रक रुतला आणि आम्ही सगळे उतरून ढकलत होतो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढचा सगळा भामरागड मी सुतळी बांधलेल्या चपलेनं पाहिला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम इथं भेटतात. हिवाळ्यात पाणी निवळ असतं, खालचे दगड मोजून घ्यावेत असं. पावसाळ्यात हाच मुलूख तुटून पडतो आणि महिनोन् महिने कुणी येत-जात नाही. गुरुजींना पाठवलं होतं ते भर पावसाळ्यात. शेवटचा रस्ता ते पायी आले होते.

आमच्याकडं कचेऱ्यांतून एक वाक्य सर्रास ऐकू येतं, भामरागडला पाठवीन. लहान मुलाला बागुलबुवा दाखवावा तसं. मीही ते शिक्षकांच्या खोलीत हसत ऐकलेलं आहे. इथं उभं राहून कळतं की ही कुणाची तरी घरं आहेत, अंगणं आहेत, शाळा आहे, आणि आपण त्यांच्या गावाचं नाव शिक्षा म्हणून वापरतो. ज्याला हाकलायचा तो मास्तर यांच्या पोरांना द्यायचा. हा मास्तर चांगला निघाला, ही पाठवणाऱ्यांची चूक.

चैतूनं अंगणात घोंगडी टाकली. मराठी मोडकं, पण ऐकायला गोड. गुरुजींचं नाव काढल्यावर तो उठून उभा राहिला आणि तीन बोटांचा स्काउटचा सॅल्यूट केला. मीही केला. त्याची बायको हसायला लागली.

"गुरुजी चांगला," तो म्हणाला. "पोहणं शिकवला, गाठ शिकवला, वाचणं शिकवला. पन भात खराब."

"इथंही काला करायचे?"

"हो! चादर टाकला, सारे तांदूळ टाका म्हनला. आमी तांदूळ आनला, कोनी कोसरी आनला. सारा एक केला." कोसरी म्हणजे बारीक भरड धान्य, ते तांदळाबरोबर शिजवलं तर काय होईल याचा गृहिणींनी विचार करावा. चैतूच्या चेहऱ्यावर अजून तक्रार होती. "आमी बोललो, गुरुजी, असा नाई शिजत. गुरुजी आयकेच ना. काऊन असा करत होता?"

मग मी त्याला करंजटोल्याची सगळी हकीकत सांगितली. चादर, पत्रावळी, दमणी, उठलेली पोरं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये बायकोला माडियात समजावून सांगत होता. शेवटी म्हणाला,

"उठले. हो, उठतील. भात कच्चा होता ना."

"तसं नाही चैतूभाऊ. भात कच्चा होता म्हणून नाही उठले."

"मंग?"

मी पुन्हा सांगितलं. शिवाशीव, दीक्षा, मालगुजार. माझ्याच तोंडून ते शब्द येत होते आणि दर शब्दाबरोबर मी, माझं गाव, माझा मुलूख लहान होत चालला होता. ही माणसं देवमाणसं आहेत असं मला म्हणायचं नाही. शेजारच्या गावाशी त्यांचाही दावा होता आणि चैतूनं त्या लोकांना माझ्यादेखत शिव्या घातल्या. पण भरल्या पत्रावळीवरून उठायचं कारण त्याला काही केल्या पटलं नाही. त्यानं बायकोशी विचारविनिमय केला आणि मला दिलासा द्यावा तसं म्हणाला, "भात कच्चाच असन."

त्यानं मला पेज दिली. मी ती प्यालो. राग इतका चढला होता की चव कळली नाही.

चंद्रपूर

इतिहास मी घरी येऊन एका बैठकीत लिहून काढला. बायको म्हणाली, जरा थंड होऊन लिहा. थंड झालो असतो तर भाषा लावली असती.

समितीपुढं वाचला. वाचून झाल्यावर वसंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"छान लिहिलंय. मन लावून लिहिलंय. पण आनंदाचा प्रसंग आहे, मास्तर. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे? आज गावात सगळे गुण्यागोविंदानं राहतात. उगीच दोन समाजांत..." त्यांनी हात हवेत फिरवला.

"खोटं आहे का हे?"

"खरं-खोटं मी म्हणतच नाही. स्मरणिका म्हणजे काही कोर्ट नव्हे."

बाकीचे चहाच्या कपात बघत होते. त्यांतले दोघे मोर संघातले, माझ्याच तुकडीतले. मला वाटलं, एक जण तरी तोंड उघडेल. एकानं बिस्किट उचललं.

छापून आली ती स्मरणिका अशी: मुखपृष्ठावर मालगुजार, खाली 'संस्थापक'. आत माझ्या नावानं दोन पानं, त्यात मी न लिहिलेलं एक वाक्य, की शिबिरात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र भोजन करीत व ही उदात्त प्रथा संस्थापकांच्या प्रेरणेने सुरू झाली. रामटेके गुरुजींचं नाव मागं, 'ज्येष्ठ स्काउट' या मथळ्याखाली इतर नावांत, आणि तेही रामटेककर असं छापलेलं. त्या रात्री मी जेवलो नाही. समितीचा राजीनामा लिहिला आणि मग फाडला, कारण गुरुजी महोत्सवाला येणार होते आणि मला तिथं असायचं होतं.

पुन्हा करंजटोला

आमराईत मांडव घातला होता. जीपगाड्या, लाउडस्पीकर, नागपूरहून आणलेले आचारी. वांग्यांचं कुंपण काढून काठ्या धुऊन पुसून मांडवाच्या दाराशी कमानीसारख्या बांधल्या होत्या. हेडमास्तर मला टाळत होते.

कार्यक्रमपत्रिकेत 'तांदूळ-मीलन' असं एक कलम होतं. माझ्या लेखातलं समितीला तेवढं मात्र आवडलं होतं. व्यासपीठावर पितळेची परात ठेवली होती आणि एकेक पाहुणा येऊन तिच्यात ओंजळभर तांदूळ सोडत होता. फोटो निघत होते. वसंतरावांनी बासमती आणला होता. नामदेवभाऊंनी चिन्नोर टाकला आणि खाली उतरताना मला डोळा मारला, तेव्हा मला कळलं की काहीतरी शिजतंय.

गुरुजींना शाल आणि नारळ द्यायला बोलावलं. ते लेकीच्या आधारानं वर चढले. शाल घेतली, नारळ घेतला. मग लेकीच्या पिशवीतून घरच्या तांदळाची एक पुरचुंडी काढली आणि सोडून परातीत रिकामी केली. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून कालवलं. छान कालवलं, सावकाश. आणि माइककडं वळले.

"आमच्या पथकात काला फोटोसाठी नसते. हे शिजवाले घ्या."

सूत्रसंचालक म्हणाला, "गुरुजी, जेवणाची व्यवस्था पलीकडं..."

"ते नंतर. आधी हे."

नामदेवभाऊ आणि पहिल्या तुकडीतले चार-पाच जण आधीच उठले होते. मांडवासमोर तीन दगड मांडले गेले, भांडं चढलं, जाळ झाला. भाषणं चालूच होती पण कुणाचं लक्ष नव्हतं. जुने स्काउट चुलीभोवती बसून आपसांत भांडत होते, पाणी किती घालायचं यावरून. मी काटक्या पुरवत होतो. भात झाला तो आमचाच भात झाला. खाली करपलेला, मध्ये लापशी, वर कचकच. तो पाहून मला हसू आलं आणि डोळेही भरले.

जमिनीवर पत्रावळींची पंगत मांडली. गुरुजी बसले. त्यांच्या शेजारी एक पत्रावळ रिकामी ठेवून त्यांनी व्यासपीठाकडं पाहिलं.

"वसंता, ये. त्या दिवशीचा घास रायला आहे तुहा. जेव."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माया होती. एका भुकेल्या पोराची पत्रावळ त्यांनी पंचवीस वर्षं मांडून ठेवली होती. वसंतराव आले. माणसांदेखत दुसरं करता येण्यासारखं नव्हतं. मांडी घालून बसले. गुरुजींनी स्वतःच्या हातानं वाढलं. वसंतरावांनी भाताकडं पाहिलं, गुरुजींच्या हाताकडं पाहिलं, भोवतीच्या माणसांकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, उचलणार. बोटं भातापर्यंत गेली होती.

"मला डॉक्टरांनी भात बंद केलाय, गुरुजी," ते म्हणाले. "साखर आहे." आणि हात झटकून उठले. आठ दिवसांपूर्वी समितीच्या बैठकीत त्यांनी मसालेभात दोनदा मागून घेतला होता. त्यांच्यामागून समितीतले आणखी काही जण उठले. मोर संघातले ते दोघे उठायला लागले आणि पुन्हा बसले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

गुरुजी जेवत होते. पंगतीत नुसता दाताखाली तांदूळ फुटल्याचा आवाज. पत्रावळ निपटून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"मास्तर, त्याचं नाव लिहू नका म्हनलं होतं म्या. आता लिहा."

स्मरणिकेत लिहिता येणार नाही, म्हणून इथं लिहितो. करंजटोल्याचं स्काउट पथक रामटेके गुरुजींनी काढलं. आमराई मालगुजारांनी दिली. पहिल्या शिबिरात काल्याच्या भातावरून वसंतराव उठले, तेव्हा ते लहान होते, रडत होते आणि बापानं त्यांचा दंड धरला होता. पंचवीस वर्षांनी त्याच आमराईत, त्याच भातावरून ते पुन्हा उठले. या खेपेला त्यांचा दंड कुणी धरला नव्हता.